तारण खाते

अशोक चौकाजवळच्या पतसंस्थेत
माझं टेबल दारापासून तिसरं,
कूलरच्या वाऱ्याच्या जरा बाहेर.
वर पाटी : सोनेतारण विभाग.

एकवीस वर्षं हा शब्द वापरतोय,
सोमवार ते शनिवार एका अर्थानं,
रविवारी दुसऱ्या.
एकाच गल्लीत राहून अबोला धरलेल्या भावांसारखे
ते दोन अर्थ,
मीही कधी समेट घडवला नाही.

चर्चमध्ये माझा बाक ठरलेला, खिडकीकडचा.
पुस्तक लागत नाही, सगळी कडवी पाठ.
पाठ होती, तिथंच घोटाळा.
ओठ म्हणत, प्रभू, तू मला तारलंस,
आणि डोक्यात मार्चअखेरची थकबाकी.
सुवार्ता म्हणायची,
"अहो, गाताय की हजेरी घेताय?"

मेचा दुसरा आठवडा. पारा त्रेचाळीसवर.
लाइट गेलेली, म्हणून मागच्या बोळातले माग गप्प,
आणि त्या अवघडल्या शांततेत
नरसव्वा आली.
विड्या वळून वळून
बोटांची टोकं तंबाखूच्या रंगाची.

कर्णफुलं, जोडी एक, वजन सहा ग्रॅम दोनशे मिली.
तीन वर्षांपूर्वी ठेवलेली, नवऱ्याच्या दवाखान्यापायी.
नवरा गेला, कर्ज राहिलं.
व्याज भरता भरता मुद्दल जागचं हललं नाही.
दोन नोटिसा गेल्या, दोन्हींवर सही माझी.
लिलावाच्या यादीत तिचं नाव अकरावं.

आज तिनं काहीच भरलं नाही.
सकाळीच भिवंडीहून तिचा भाऊ येऊन गेला होता,
आपल्या चार मागांतला एक विकून.
चहा नको म्हणाला. गाडी होती त्याची.
भरणा करणाऱ्याचे नाव या रकान्यात
तेलुगू वळणाची मराठी सही.

मी शिक्का मारला.
बोजा उतरला. येणे बाकी निरंक.
पावती पुढं सरकवली तर म्हणाली,
"कागद ऱ्हाऊ द्या सायेब,
आरसा हाय का?"

आरसा नव्हता.
ती कपाटाच्या काचेपुढं उभी राहिली.
कानांतून कडुनिंबाच्या काड्या काढल्या,
भोकं बुजू नयेत म्हणून
तीन वर्षं बदलत ठेवलेल्या.
फूल घालताना डावी पाळी जरा रक्ताळली
आणि ती हसली,
अशी हसली, की कॅशियर उभा राहिला.

मग ज्याला त्याला सांगत सुटली.
शिपायाला. रांगेतल्या म्हातारीला.
ठेवीची मुदत विचारायला आलेल्या मास्तरांना.
"माझ्या भावानं सोडवलं! यंकटय्यानं!"
कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

रविवारी माझ्या अंगठ्यावर
शिक्क्याची जांभळी शाई तशीच होती.
गीत नेहमीचंच. तिसरं कडवं.
त्या शब्दापाशी आलो आणि घसा धरला.
पावती तर माझ्याकडेही होती,
लहानपणापासून, घडी घालून, जपून.
भरणाऱ्याचं नावही वाचलेलं.
त्यानं काय विकलं, तेही ठाऊक.
आरसा तेवढा मागितला नव्हता कधी.

मग गायलो.
अर्धी मात्रा पुढं, पट्टी सोडून,
मध्येच हसूसुद्धा फुटलं.
पेटीवरच्या शद्रखकाकांनी चष्म्यावरून पाहिलं.
सुवार्तानं कोपर मारलं नाही.
ती माझ्याकडं बघत राहिली,
जणू माझ्या कानात काहीतरी नवीन होतं.

परत येताना सात रस्त्यावर
कलिंगडवाल्यापाशी थांबलो.
"आज फार बरं वाटतंय," मी म्हणालो.
त्यानं विचारलं नव्हतं.
"मग दोन न्या," तो म्हणाला.
दोन नेली.